चढवायची गोळी, उतरवायची गोळी

आमच्या घरात गोळ्यांचे दोन डबे आहेत. निळ्या डब्यात बीपी चढवायची गोळी, पांढऱ्यात बीपी उतरवायची. निळा दिवसा उघडतो, पांढरा रात्री. आणि दोन्ही डबे एकाच माणसाचे, माझ्या बाबांचे. हे ऐकलं की लोक माझ्याकडे अशा नजरेने बघतात की मीच काहीतरी घोळ घालून ठेवलाय. एका नातेवाइकाने तर तोडगाही सुचवला, "मग दोन्ही बंद करा ना, हिशेब शून्य!" तेव्हा हसून वेळ मारून नेली. आज जरा सविस्तर उत्तर देते.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या लिखाणातले ऱ्हस्व-दीर्घ बघण्यात माझा दिवस जातो. तेव्हा हे वाचून कोणी आपली गोळी बदलू नका, बंद तर मुळीच करू नका. (बंद करून बघायचा उद्योग मी केलेला आहे, तो पुढे येईलच.)

बीपीशी माझी स्वतःची ओळख ४७व्या वर्षी, दाढ काढायला गेले तेव्हा झाली. दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनच्या आधी दंडाला पट्टा बांधला आणि १५८/९८ निघालं. मी म्हटलं, दुखतंय म्हणून असेल. ते म्हणाले, "असेलही. पण आठवडाभर घरी मोजा आणि वहीत लिहा." मोजलं. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर. घरी मोजलेल्याची सरासरी १३५/८५च्या वर गेली की ती जास्त धरतात. माझी १४९/९४ आली. कारकुनी पद्धतीने सिद्ध झालं.

मग पाच मिलिग्रॅमची अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाली. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो, तो आवळायला त्याला कॅल्शियम लागतं. ही गोळी कॅल्शियमची ती वाट अडवते, स्नायू सैलावतो, नळी रुंद होते. गोळी तशी संथ. शरीरातून तिचं निम्मं प्रमाण उतरायलाच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे पूर्ण जोर यायला आठवडाभर जातो. माझे आकडे झकास उतरले आणि तिसऱ्या आठवड्यात घोटे सुजले. मोज्याची रबरी कड पायावर अशी उमटायची की नक्षी वाटावी. अंगठ्याने दाबलं तर खळगा पडून राहायचा. माझ्या डोक्यात लगेच किडनी. दोन रात्री झोप नाही.

डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढून दाखवली. ही गोळी रक्त आणणारी बाजू मोकळी करते, नेणारी बाजू तेवढी करत नाही. आत जास्त येतं, बाहेर जाणारं तेवढंच, मग बारीक केशवाहिन्यांमधून पाणी पाझरून घोट्यापाशी साठतं. त्यामुळे लघवीची गोळी देऊन ही सूज फारशी हटत नाही. अंगात पाणी जास्त नसतंच, ते चुकीच्या जागी असतं. त्यांनी अ‍ॅम्लोडिपिन अडीचवर आणली आणि चाळीसची टेल्मिसार्टन जोडली. तिने नेणारी बाजूही सैल होते. दहा-बारा दिवसांत घोट्याची हाडं पुन्हा दिसायला लागली. एकाच गोळीचा डोस वाढवत नेण्यापेक्षा दोन वेगळ्या जातींच्या गोळ्या थोड्या थोड्या दिल्या तर आकडा जास्त उतरतो आणि त्रास कमी होतो, हे मला तेव्हा कळलं. तोवर "दोन गोळ्या म्हणजे आजार बळावला" अशीच माझी समजूत होती.

या काळात मला नावांचा नाद लागला. औषधांच्या नावांना चक्क प्रत्यय असतात! शेवटी 'प्रिल' आलं की एक कूळ: रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल. 'सार्टन' आलं की दुसरं: लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन. 'डिपिन' म्हणजे कॅल्शियम अडवणारे: अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन, सिल्निडिपिन. 'लोल' म्हणजे हृदयाचे ठोके आवरणारे: अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल. व्याकरण सुटलेलं नाही हे बघून मला फार बरं वाटलं. पाकिटावर कंपनीने दिलेलं नाव काहीही असो, खालच्या बारीक अक्षरांतली शेपटी बघायची, की घराणं कळतं. नातेवाइकांच्या पाकिटांचं मुद्रितशोधन करत मी बरीच मिरवले. पुढे त्या मिरवण्याचं माप माझ्या पदरात पडलं.

या नादाचा एक उपयोग मात्र झाला. त्यामुळे आईच्या खोकल्याचं कोडं मला मागाहून का होईना, नीट समजलं.

आईला पाचची रामिप्रिल होती. सुरू झाल्यावर महिनाभराने तिला खोकला लागला. कोरडा, घशात पीस फिरल्यासारखा, आडवं पडलं की जास्त. कफ नाही, ताप नाही. तीन प्रकारची सिरप झाली, अ‍ॅलर्जीची गोळी झाली, छातीचा एक्स-रे स्वच्छ आला, उश्या बदलल्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी प्रत्येक वेळी खोकल्याचं नवं औषध लिहिलं आणि त्याच कागदावर वरती रामिप्रिल पुन्हा लिहिली. चार महिने. शेवटी भलत्याच कामासाठी गेलो होतो त्या दुसऱ्या डॉक्टरांनी तिचा एक ठसका ऐकला आणि विचारलं, "बीपीला काय घेता?" गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली. तीन आठवड्यांत घर शांत.

कारण असं, की प्रिल कुळातली औषधं ज्या एन्झाइमला अडवतात त्याला दोन कामं असतात. एक, रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ तयार करणं. दुसरं, ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडून टाकणं. पहिलं काम थांबलं की बीपी उतरतं, ते हवंच असतं. पण दुसरंही थांबतं, ब्रॅडिकायनिन साठतं आणि काहींना खोकला येतो. बायकांना जास्त. सार्टन एन्झाइमला हातच लावत नाहीत, पुढे जिथे अँजिओटेन्सिन जाऊन चिकटतं ती जागाच अडवून बसतात. म्हणून त्यांच्याने खोकला सहसा होत नाही.

या कुळाचा मूळपुरुष कॅप्टोप्रिल, आणि त्याची कुळकथा सापापाशी सुरू होते. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप असतो. सेर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन संशोधकाला १९६०च्या दशकात त्याच्या विषात असा पदार्थ सापडला की ज्याने ब्रॅडिकायनिनचा जोर वाढतो. तो घेऊन ते लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथून धागा अमेरिकेत स्क्विब कंपनीतल्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ऑन्डेटी यांच्या हाती आला. विषातला पदार्थ पोटातून घेऊन उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी त्या एन्झाइमच्या खोबणीत बसेल असा लहानसा रेणू कागदावर आखला आणि बनवला. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. गोळीत विषाचा थेंबही नसतो, हे मी आईला तीनदा समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थोडक्यात काय, चार महिने मला साप चावत होता." त्यापुढे माझं शास्त्र संपलं.

आता माझा उद्योग. वर्षभर आकडे १२२/७८, १२०/७६ असे यायला लागले, तेव्हा मला वाटलं, झालं, बरी झाले. चष्म्यातून अक्षरं स्पष्ट दिसतात म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही, हे चष्मा लावूनच पोट भरणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. दोन्ही गोळ्या बंद केल्या. पहिले काही दिवस आकडे छानच. त्याने तर मला चेवच आला. अ‍ॅम्लोडिपिन अंगातून हळूहळू उतरते हे माहीत असूनही तेव्हा सोयीस्कर विसरले. सहा आठवड्यांनी सहज मोजलं, १६२/१००. आणि मला काहीही होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, जिने चढत होते. "बीपी वाढलं की मला कळतं" असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. मला कळलं नव्हतं.

त्या रात्री मी बरंच वाचलं. १२ एप्रिल १९४५ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या वेळी त्यांच्या डॉक्टरांनी मोजलेला आकडा होता ३००/१९०. जगातल्या सगळ्यात मोठ्या पदावरच्या माणसासाठीही तेव्हा धड औषध नव्हतं. लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी क्लोरोथायाझाइड आली १९५८ मध्ये, जेम्स ब्लॅक यांची प्रोप्रॅनोलोल १९६०च्या दशकात. तरीही कित्येक डॉक्टरांना वाटायचं की वाढलेलं बीपी उतरवून खरंच काही साधतं का. १९६७ मध्ये एडवर्ड फ्राइस यांच्या गटाने अमेरिकेतल्या १४३ माजी सैनिकांवरचा अभ्यास छापला. सगळ्यांचं खालचं बीपी ११५ ते १२९. निम्म्यांना औषध, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची गोळी. बिनऔषधवाल्यांत २७ जणांना गंभीर त्रास झाला, औषधवाल्यांत दोघांना. २७ आणि २. मी उठून गोळी घेतली.

(माझी गोळी सुटली त्याने लगेच काही बिघडलं नाही, हे नशीब. क्लोनिडिन नावाची बीपीची गोळी आणि 'लोल' कुळातली औषधं एकदम थांबवली तर बीपी, ठोके उसळी मारून वर जातात. ती कधीही उतरत्या पायरीने, डॉक्टरांना विचारूनच.)

इथवरची गोष्ट सरळ आहे. बीपी वाढलं, गोळीने उतरवलं. बाबांनी सगळं उलटंपालटं केलं.

बाबा ७८ वर्षांचे. बीपी तीस वर्षांचं जुनं, पार्किन्सन्स, म्हणजे हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार, सहा वर्षांचा. गेल्या वर्षी ते सकाळी उठताना तोल जाऊन पडायला लागले. पहिल्यांदा पलंगावरच मागे आपटले, हसण्यावारी गेलं. दुसऱ्यांदा बेसिनपाशी. चष्मा फुटला, भुवईला चार टाके. डॉक्टरांनी खुर्चीत बसवून बीपी बघितलं, १५८/८४. म्हणाले, "बीपी वाढलंय, त्यानेच चक्कर येते." पाचची अ‍ॅम्लोडिपिन दहाची केली. मलाही ते अगदी पटलं, कारण चक्कर म्हणजे बीपी वाढणं हे आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. पाचव्या दिवशी बाबा तिसऱ्यांदा पडले.

मग मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे आत पाठवण्याआधी एक तरुण डॉक्टर मुलगी सगळं टिपून घेत होती. तिने विचारलं, "आजोबांचं झोपून आणि उभं राहून मोजलंय का कधी?" तीस वर्षांत कोणी मोजलं नव्हतं. तिने त्यांना पाच मिनिटं आडवं केलं. १७४/९२. मग उभं केलं, त्यांचा हात आपल्या खांद्यावर ठेवून घेतला. हात खाली लोंबकळत असला तर आकडा खोटा जास्त येतो, म्हणून तो छातीच्या उंचीला हवा. एका मिनिटाने ११८/६६. तिसऱ्या मिनिटाला ९४/५६. बाबा हळूच म्हणाले, "कडेकडेने दिवे मालवतायत." तिने लगेच बसवलं.

म्हणजे एकाच माणसाचं, एकाच खोलीत, दहा मिनिटांत बीपी चांगलंच वाढलेलं आणि चांगलंच उतरलेलं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने पडला तरी ते नोंद घेण्यासारखं मानतात. बाबांचा वरचा ८०ने पडत होता.

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या धमनीत दाब ओळखणाऱ्या जागा असतात, त्या लगेच वर्दी देतात, आणि मज्जातंतू टोकाशी नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडून रक्तवाहिन्या आवळतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. पार्किन्सन्समध्ये हे मज्जातंतूच झिजतात. वर्दी पोचते, पण पुढचा हुकूम निघत नाही. आडवे पडल्यावरही तीच बोंब, दाब वर गेला तर आवरायला कोणी नाही. बाबांचं बीपी पाऱ्यासारखं झालं होतं, आडवं केलं की इकडे, उभं केलं की तिकडे.

आणखी एक गोष्ट तिने समजावली तेव्हा मला अक्षरशः कपाळावर हात मारावासा वाटला. बाबा रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचे, आम्ही सगळा दोष प्रोस्टेटला देत होतो. पण रात्रभर आडवं पडून दाब चढलेला राहिला की किडनी तो उतरवायला मीठ-पाणी बाहेर टाकते. सकाळपर्यंत अंगातलं पाणी आटतं आणि नेमकं तेव्हाच माणूस उठून उभा राहतो. तिन्ही वेळा बाबा सकाळी पडले होते!

मग पिशवी उपडी करून सगळी पाकिटं टेबलावर मांडली. टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, दहावर नेलेली अ‍ॅम्लोडिपिन. शिवाय पार्किन्सन्सची लेव्होडोपा, जी स्वतः बीपी थोडं उतरवते पण थांबवता येत नाही. आणि शेवटी टॅम्सुलोसिन. ही दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली, म्हणून आमच्या वहीत बीपीच्या रकान्यात तिचं नावच नव्हतं. आता शेपटी बघा. प्राझोसिन, डॉक्साझोसिन ही रक्तवाहिन्या सैल करणारी बीपीची औषधं, उभं राहताना चक्कर आणण्याबद्दल प्रसिद्ध. टॅम्सुलोसिन त्यांचाच चुलतभाऊ. मी प्रत्यय मिरवणारी बाई, आणि दोन वर्षं ते पाकीट रोज हातात घेऊन मला काही खटकलं नाही, कारण 'सिन' दिसलं की मला अँटिबायोटिकच आठवायचं. मुद्रितशोधनात याला 'डोळा सरावणं' म्हणतो.

क्लोरथॅलिडोन पहिल्यांदा गेली, कारण अंगातलं पाणी काढणं हे तर उलटंच चाललं होतं. टॅम्सुलोसिनच्या जागी प्रोस्टेटची दुसरी, फिनास्टेराइड आली, जी रक्तवाहिन्यांच्या वाटेला जात नाही. अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन पुढच्या काही दिवसांत बंद झाल्या. दोन्ही चोवीस तास अंमल करणाऱ्या, म्हणजे रात्रीसाठी दिलं तरी दिवसाही पाडणारच. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंची लाकडी ठोकळे आले. उशी उंच करून उपयोग नाही, सगळं अंगच तिरकं हवं. सकाळी पलंगावर बसूनच अर्धा लिटर पाणी भराभर प्यायचं, मग पाच-दहा मिनिटांनी उठायचं. हे पाणी औषधाइतकं काम करतं, मी मोजून पाहिलंय, बाबांचा उभ्याने आकडा २५-३०ने वर राहतो. उभं असताना पायाची अढी घालून मांड्या आवळायच्या. पोटाला पट्टा. तो त्यांनी दोन दिवस बांधला आणि तिसऱ्या दिवशी कपाटात लपवला.

तरीही उभ्याने वरचा आकडा शंभराच्या आसपास घुटमळत होता, म्हणून चढवायची गोळी आली: मिडोड्रिन. ही पोटात गेल्यावर तिचं रूपांतर होतं, आणि ते रूप थेट रक्तवाहिन्यांना आवळायला सांगतं. मज्जातंतू जो हुकूम देत नाहीत तो बाहेरून दिलेला. आधी अडीच, मग पाच, दिवसातून तीनदा. पहिल्याच आठवड्यात बाबांच्या डोक्यावर मुंग्या चालायला लागल्या, हातावर काटा यायचा. या गोळीचा तो ठरलेला गुण. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायूही ती आवळते. बाबांना पूर्ण टक्कल आहे. ते म्हणाले, "उगवतायत बहुतेक." बाबांना गंमत म्हणून सांगितलं, की खरोखर केस उगवणारी बीपीची गोळीही आहे, मिनॉक्सिडिल. अवघड बीपी उतरवायला काढली, घेणाऱ्यांच्या अंगभर केस वाढले, मग तेच टकलाचं औषध झालं. पण मिडोड्रिन आणि मिनॉक्सिडिल, एक चढवणारी, एक उतरवणारी, आणि घाईत वाचलं तर नावं सारखीच! चिठ्ठी आणि पाकीट अक्षर-अक्षर जुळवून बघायची माझी सवय तेव्हापासून पक्की झाली.

दुसरा पर्याय फ्लुड्रोकॉर्टिसोनचा होता. ती मीठ-पाणी अंगात धरून ठेवते. पण आडव्याचं बीपी आणखी चढवेल आणि पोटॅशियम उतरवेल, म्हणून डॉक्टर नको म्हणाले.

मिडोड्रिनची अट एकच, पण कडक: गोळी घेतल्यावर चार तास आडवं पडायचं नाही. उभ्याने जे हवं तेच झोपून नको असतं. म्हणून आमच्या वेळा सात, अकरा, साडेतीन. दुपारची डुलकी आरामखुर्चीत. लघवी अडत नाही ना, तेही बघायचं, कारण ही गोळी तिथला स्नायूही आवळते.

आणि एक दिवस मी चुकले. कामाच्या गडबडीत साडेतीनची गोळी राहिली, ती रात्री आठला आठवली आणि मी दिली. उशिरा का होईना, या हिशेबाने. साडेनऊला बाबा आडवे झाले. दहाला म्हणाले कानशिलं ठोकतायत. मोजलं, १९८/१०४. माझे हात गार पडले. पूर्वी अशा वेळी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देत. माझ्या आजोबांना दिलेली मी पाहिली आहे. मी फोनवर तेच विचारलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काहीही देऊ नका. उठवून खुर्चीत बसवा, पाय खाली सोडा, दहा मिनिटांनी मोजा." जिभेखालची ती पद्धत १९९०च्या दशकातच मोडीत निघाली, कारण बीपी धाडकन कोसळून झटके आल्याची उदाहरणं घडली होती. बाबांना बसवलं. १६८. मग १५२. औषध एकही नाही, नुसतं बसवणं. रात्री साडेबारापर्यंत आम्ही दोघं समोरासमोर खुर्च्यांत बसून होतो. ते मला त्यांच्या पहिल्या नोकरीतल्या साहेबाच्या गोष्टी सांगत होते आणि दर वेळी पट्टा फुगला की मी त्यांना गप्प करत होते. बोललं की आकडा वाढतो.

दुसऱ्या दिवशी दोन डबे आणले, निळा आणि पांढरा. निळा संध्याकाळी पाचला कपाटात कुलूपबंद होतो. राहिली तर राहिली.

पांढऱ्या डब्यात असते पंचवीसची कॅप्टोप्रिल, सापाच्या कुळातली ती पहिली. नव्या औषधांसमोर ती मागे पडली, कारण तिचा अंमल काही तासांचाच, दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. पण बाबांना नेमकी अशीच हवी होती, रात्रीपुरती येऊन पहाटेआधी बरीचशी निघून जाणारी. किडनीला ती झेपतेय ना हे बघायला सुरू करण्याआधी आणि नंतर दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासलं. रात्री मधेच उठून बाथरूमला जायचं नाही, भांडं पलंगाशीच. त्यावरून थोडं रुसणं झालं, मग सवय झाली. आता रात्री एकदाच जाग येते. गेल्या आठ महिन्यांत बाबा पडलेले नाहीत.

तर त्या नातेवाइकांना उत्तर हे, की दोन्ही गोळ्या एकमेकींना कधी भेटतच नाहीत. एक उभ्या बाबांची आहे, एक आडव्या बाबांची.

या सगळ्याची कीर्ती पसरल्यावर एका मैत्रिणीने मला फोन करून विचारलं, "तुझ्या बाबांची ती लो बीपीची गोळी मला चालेल का? माझं नेहमी ९४/६० असतं." मी विचारलं, चक्कर? नाही. उभं राहिल्यावर अंधारी? नाही. थकवा? तोही नाही, रोज पाच किलोमीटर चालते. मग तिला गोळीची नाही, मशीन कपाटात ठेवण्याची गरज होती. ज्या उतरलेल्या बीपीने काही होत नाही त्याला औषध देत नाहीत. अचानक कोसळलेलं बीपी ही वेगळीच गोष्ट. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तिथे घरची गोळी कामाची नाही, तिथे शिरेतून सलाइन, रक्त आणि वेळ पडली तर नॉरअ‍ॅड्रेनलिन लागतं. तेच, जे बाबांच्या मज्जातंतूंच्या टोकाशी संपत आलंय.

रोज रात्री साडेनऊचा कार्यक्रम ठरलेला. बाबा तिरक्या पलंगावर आडवे होतात, मी पट्टा बांधते, पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. काल १६४/८८ होतं. पांढरा डबा उघडला, गोळी दिली, वहीत लिहिलं. कॅप्टोप्रिल सुरू झाल्यापासून आई पलीकडच्या खोलीतून पहाऱ्यावर असते. तिचा त्या कुळावर आजही विश्वास नाही. पाण्याचा घोट घेताना बाबांना ठसका लागला.

"अहो, खोकलात का?"

"नाही गं, पाणी गेलं."

जरा वेळ काही आवाज नाही. मग चपला फरफटत आल्या, आणि आई दारात उभी राहून म्हणाली, "परत एकदा खोकून दाखवा बघू."